नाते गावचे चिंतामणराव आणि इंग्रजांकडची 1,733 कोटींची उधारी

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते गाव लागतं. गडावर जाणाऱ्या गाड्या इथं फारशा थांबत नाहीत. पण 14 जानेवारी 1896 ला, ऐन संक्रांतीत, या गावात जन्मलेल्या एका पोराची सही पुढं रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर आली. त्याआधी त्या नोटांवर इंग्रज गव्हर्नरची सही असायची. जुन्या नोटा जमवणाऱ्या कुणाकडे पंचम जॉर्जच्या नंतरच्या, म्हणजे सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या नोटा असतील, तर बघा. त्यातल्या काहींवर सी. डी. देशमुख अशी सही सापडेल. हेच आपले चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख.

शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन ओळी असतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईसाठी राजीनामा देणारे अर्थमंत्री. मधलं सगळं गळून जातं. आणि खरी गोष्ट मधेच आहे. रुपया घसरला, डॉलर चढला अशा बातम्या रोज मोबाईलवर येतात, आपण त्या बोटाने वर सरकवतो. मग खताच्या गोणीचा भाव ऐकला की डोकं खाजवतो. परदेशातला पैसा आणि आपल्या घरातला तांदूळ यांचा संबंध काय, हे या माणसाच्या आयुष्यात जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

देशमुखांचं घर रोह्याचं. वडील वकील. चिंतामणरावांचं लहानपण रोह्याच्या बाजूलाच गेलं. 1912 मध्ये मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. तेव्हा मुंबई विद्यापीठ म्हणजे आजच्यासारखं सात जिल्ह्यांपुरतं नव्हतं, सगळा मुंबई इलाखा त्यात यायचा. पुढं केंब्रिजला गेले. तिथं शिकले काय, तर वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतीशास्त्रात बक्षीसही मिळवलं. म्हणजे पुढं ज्यांनी देशाची तिजोरी सांभाळली ते मुळात झाडापाल्याचे आणि मातीचे विद्यार्थी. 1918 मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा झाली, त्यात ते पहिले आले.

नोकरी लागली ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. वीस वर्षं तिकडेच गेली. त्यात रायपूर भागातलं जमिनीच्या सेटलमेंटचं कामही होतं. सेटलमेंट म्हणजे गावोगाव फिरून जमिनीची प्रत ठरवायची, पीक किती येतं ते बघायचं, आणि त्यावर सारा बसवायचा. आणेवारी कशी निघते हे ज्यांनी बघितलंय त्यांना हे काम किती किचकट असतं ते सांगायला नको. 1931 मध्ये लंडनला दुसरी गोलमेज परिषद झाली, गांधीजी गेले होते तीच, तिथं सचिवांच्या चमूत चिंतामणराव होते. नंतर प्रांताचे वित्त सचिव झाले.

जुलै 1939 मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा जेमतेम चार वर्षांची. दोन महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं.

आता इथं जरा थांबायला पाहिजे, कारण सगळा खेळ इथं आहे.

समजा, गावात एक मोठा गिऱ्हाईक आला. त्याने सांगितलं, मला भात पाहिजे, घोंगड्या पाहिजेत, लाकूड पाहिजे, माणसं पाहिजेत. पैसे आत्ता नाहीत, माझ्या वहीत तुमच्या नावावर लिहून ठेवतो, भांडण मिटलं की देईन. वही मात्र त्याच्याच घरात राहणार. गावच्या सावकाराने त्या वहीच्या भरवशावर चिठ्ठ्या छापायच्या आणि माल देणाऱ्यांना वाटायच्या. चिठ्ठी घेऊन माणूस दुकानात जातो. दुकानात माल कुठंय? माल तर गिऱ्हाईक घेऊन गेला. चिठ्ठ्या वाढल्या, माल कमी झाला. भाव काय होणार?

युद्धात हेच झालं. गिऱ्हाईक इंग्रज सरकार, वही लंडनला, चिठ्ठ्या म्हणजे रुपयाच्या नोटा. भारताच्या संरक्षणाचा खर्च भारताने करायचा आणि बाहेरच्या लढाईचा खर्च ब्रिटनने, असा करार झाला होता. कागदावर तो वाईट नव्हता. पण ब्रिटनच्या वाट्याचे पैसे सोन्यात किंवा मालात येत नव्हते. ते लंडनमध्ये पौंडांत आपल्या खात्यावर मांडले जायचे, आणि इकडे रिझर्व्ह बँक त्या पौंडांच्या कागदावर नोटा छापायची. कायदाच तसा होता. ठरलेल्या दराने पौंड आले की बँकेने रुपये दिलेच पाहिजेत. दर होता एका रुपयाला 18 पेन्स, म्हणजे एका पौंडाचे 13 रुपये 5 आणे 4 पै. हा दर इंग्रजांनी 1920 च्या दशकातच पक्का केला होता, आणि तो आपल्या शेतमालाला मारक आहे अशी ओरड तेव्हापासूनच होती.

युद्ध सुरू झालं तेव्हा देशात सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपताना त्या 1,100 कोटींच्या वर गेल्या. सहा वर्षांत सहापट. भात सहापट पिकलं का? नाही. भाव दुप्पट-अडीचपट झाले, आणि ज्याच्या हाती माल नव्हता, फक्त मजुरी होती, तो मेला.

मेला हा शब्द बोलण्याच्या ओघात आलेला नाही. 1943 मध्ये बंगालात दुष्काळ पडला. 20 ते 30 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. ब्रह्मदेश जपानने घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद झाला होता, 1942 च्या ऑक्टोबरात मिदनापूरला वादळ झालं होतं, सरकारने जपान्यांच्या भीतीने लोकांच्या होड्या काढून घेतल्या होत्या. ही कारणं आहेतच. पण लष्कर आणि कंत्राटदार नव्या नोटा घेऊन बाजारात उतरले आणि साठेबाजांनी माल दाबला, हेही तितकंच खरं. तांदूळ होता तिथंही तो मजुराच्या आवाक्यात राहिला नाही. आधी भूमिहीन, मच्छीमार आणि कारागीर गेले.

आणि याच वर्षी चिंतामणराव गव्हर्नर झाले. आधीचे गव्हर्नर सर जेम्स टेलर फेब्रुवारी 1943 मध्ये वारले. मधले सहा महिने डेप्युटी गव्हर्नर म्हणून चिंतामणरावांनीच कारभार बघितला आणि 11 ऑगस्टला नेमणूक पक्की झाली. आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून मी त्यांचं कौतुक लिहायला बसलो होतो, पण ही तारीख आणि बंगालची तारीख शेजारी-शेजारी ठेवल्यावर पेन अडलं. नोटा छापायच्या की नाही हे ते ठरवत नव्हते. ते दिल्लीत आणि त्याहून जास्त लंडनमध्ये ठरत होतं. तरी त्या काळात बँकेच्या खुर्चीवर ते होते, आणि ही गोष्ट झाकून त्यांचं चरित्र सांगता येत नाही. राजीनामा देऊन घरी बसले असते तर नोटा थांबल्या असत्या का? नसत्या, असं माझं मत.

बँकेने आपल्या परीने केलं ते असं. कर्जरोखे विकून लोकांच्या हातातला पैसा परत ओढायचा प्रयत्न झाला. ऑगस्ट 1943 पासून ब्रिटन आणि अमेरिकेच्या वतीने बाजारात सोनं विकायला काढलं. जादा भावाने सोनं विकायचं आणि नोटा गोळा करायच्या. त्याने थोडा फरक पडला, पण भूक लागलेल्याला सोन्याचा काय उपयोग? सोनं घेणारे वेगळे आणि उपाशी मरणारे वेगळे.

याला एक दुसरी बाजूही होती. शंभर वर्षं भारत हा ब्रिटनचा कर्जदार होता. रेल्वेचं कर्ज, सरकारी कर्ज, त्याचं व्याज दरसाल लंडनला जायचं. युद्धात साठलेल्या पौंडांतून ते जुनं कर्ज जवळजवळ सगळं फिटलं. फिटून वर उरले सुमारे 130 कोटी पौंड. वरच्या दराने गुणून बघा, 1,733 कोटी रुपये होतात. गुलाम सावकार झाला आणि मालक ऋणको. पण सावकाराकडे वही नव्हती, आणि ऋणकोकडे पैसे नव्हते.

जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स नावाच्या ठिकाणी एका मोठ्या हॉटेलात 44 देशांची बैठक भरली. युद्धानंतर जगाचा पैशाचा व्यवहार कसा चालवायचा हे ठरवायला. त्यातूनच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आल्या. भारत स्वतंत्र नव्हता, तरी भारताला वेगळी खुर्ची होती. शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज, व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले वित्त सदस्य सर जेरेमी रेझमन. सोबत चिंतामणराव, उद्योग-व्यापारातले ए. डी. श्रॉफ, आणि षण्मुखम चेट्टी, जे पुढं स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झाले.

भारताची मागणी साधी होती. लंडनमध्ये अडकलेला आमचा पैसा थोडा तरी डॉलरमध्ये फिरवून द्या, म्हणजे आम्हाला अमेरिकेतून यंत्रं घेता येतील. नव्या निधीने यात हात घालावा. ब्रिटनच्या बाजूने केन्स होते, त्या काळचे सगळ्यात नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं, हा आमच्या दोघांमधला मामला आहे, आम्ही इमानाने फेडू, पण या बैठकीत नको. अमेरिकेलाही युद्धाची देणी नव्या निधीच्या गळ्यात नको होती. भारताची मागणी फेटाळली गेली. गरीब देशांच्या विकासाचा या संस्थांच्या उद्देशांत स्पष्ट उल्लेख असावा हाही आग्रह आपल्या लोकांनी धरला, तो थोडा पदरात पडला, बराच नाही. निधीत भारताला 40 कोटी डॉलरचा वाटा मिळाला. अमेरिका, ब्रिटन, रशिया, चीन, फ्रान्स आणि मग भारत. पुढं रशिया आत आलाच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचात गेला आणि संचालक मंडळावर कायमची जागा मिळाली. चिंतामणराव त्यानंतर सुमारे दहा वर्षं या दोन्ही संस्थांत भारताचे प्रतिनिधी होते, आणि 1950 मध्ये पॅरिसला त्यांच्या वार्षिक सभेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

युद्ध संपलं तरी उधारीचं काही होईना. उलट इंग्लंडातच सूर निघायला लागला की आम्ही तुम्हाला जपान्यांपासून वाचवलं, मग ही रक्कम कमी करून घ्या. चर्चिलसारखे लोक यात पुढं होते. भारताने ऐकलं नाही. हा पैसा उपाशी लोकांच्या पोटातून निघालेला आहे, दान म्हणून सोडायचा नाही, ही भूमिका दिल्लीत सगळ्यांची एक होती. वाटाघाटींत बँकेचे गव्हर्नर म्हणून आकडे चिंतामणरावांच्या हाती असायचे.

1947 च्या उन्हाळ्यात जे घडलं ते आजच्या बाजाराच्या बातम्या वाचणाऱ्यांनी नीट बघावं. ब्रिटनने अमेरिकेकडून 375 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. अट अशी की पौंड देऊन कुणालाही डॉलर मागता आला पाहिजे. 15 जुलैला ही मुभा सुरू झाली. सगळं जग पौंड टाकून डॉलर मागायला लागलं. महिनाभरात इंग्लंडची तिजोरी एवढी आटली की 20 ऑगस्टला मुभा बंद करावी लागली. भरवसा गेला की पैसा पुराच्या पाण्यासारखा निघून जातो, मग देश गरीब असो की साम्राज्य. त्याच आठवड्यात, 14 ऑगस्टला, भारताबरोबरचा पहिला तात्पुरता करार झाला. आपली रक्कम दोन खात्यांत विभागली गेली. एकातून खर्च करता येईल, दुसरं गोठवलेलं. दुसऱ्या दिवशी झेंडा फडकला, पण आपला बहुतेक पैसा कुलपातच होता.

फाळणीत बँकेचीही वाटणी आली. 30 जून 1948 पर्यंत भारत आणि पाकिस्तान दोघांची बँक एकच, रिझर्व्ह बँक. भारताच्याच नोटांवर पाकिस्तान सरकार असा शिक्का मारून त्या तिकडे चालवल्या. दोन देश काश्मिरात लढतायत आणि दोघांची तिजोरी एका माणसाकडे! भावाभावांच्या वाटणीत पंच होणाऱ्याचे काय हाल होतात हे गावात आपण बघतो, त्यावरून अंदाज करा. 1 जानेवारी 1949 ला बँक सरकारच्या मालकीची झाली आणि जूनअखेर चिंतामणराव गव्हर्नरपदावरून उतरले.

उधारी शेवटी मिळाली. कापून नाही, पण झिजून. 1948 च्या करारात इंग्रज लष्कराने इथं सोडलेल्या सामानाचे म्हणून 10 कोटी पौंड वळते झाले. निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनीसाठी मोठी रक्कम तिथंच ठेवावी लागली. उरलेली हप्त्याहप्त्याने सुटली. तोवर मालाचे भाव जगभर वाढले होते. त्यात सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनने पौंडाची किंमत डॉलरच्या तुलनेत 30 टक्क्यांनी उतरवली. रुपया पौंडाला बांधलेला, तोही उतरला. डॉलर 3 रुपये 31 पैशांच्या आसपास होता तो आजच्या हिशोबाने 4 रुपये 76 पैशांवर गेला. म्हणजे लंडनच्या वहीत आकडा तोच, पण त्यात अमेरिकेतून येणारी यंत्रं जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. कुणी काही चोरलं नाही, आणि तरी गेलं.

ज्या महिन्यात रुपया उतरला त्याच महिन्यात जागतिक बँकेने भारताला 1 कोटी डॉलरचं शेतीकर्ज दिलं. कशासाठी, तर ट्रॅक्टर घेऊन मध्य भारतातलं कांस उपटायला. खोल मुळ्यांचं हे गवत एकदा रानात शिरलं की बैलाच्या नांगराला दाद देत नाही. चिंतामणराव तेव्हा सरकारचे आर्थिक दूत म्हणून अमेरिका-युरोपात होते.

1950 मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत आपल्याच कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर गेले. मंत्री होताच कोरियात युद्ध पेटलं. जगाने ताग, कापूस, रबर जे मिळेल ते घ्यायला सुरुवात केली, बाहेरून पैसा आला, भाव भडकले. धान्याची टंचाई होतीच, 1951 मध्ये अमेरिकेकडून गव्हासाठी 19 कोटी डॉलर कर्ज घ्यावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने आपला व्याजदर 3 वरून साडेतीन टक्के केला. ऐकायला अर्धाच टक्का. पण 1935 च्या अखेरीपासून तो दर 3 टक्क्यांवरच होता, वाढला कधीच नव्हता. बँकांनी व्यापाऱ्यांची उसनवारी आखडली, साठेबाजांनी माल बाहेर काढला आणि 1952 च्या सुरुवातीला भाव धाडकन खाली आले. शहरात सुटकेचा निःश्वास. ज्याचा माल तेव्हा खळ्यावर होता त्याचं काय झालं असेल, हे शेतकऱ्याला विचारा. महागाई आटोक्यात आली असं टीव्हीवर सांगतात तेव्हा मला दर वेळी हा प्रश्न पडतो.

मात्र गावाकडचं कर्ज हा विषय त्यांच्या काळात पहिल्यांदा नीट मोजला गेला, हे मान्य करायला हवं. रिझर्व्ह बँकेने 75 जिल्ह्यांतल्या 600 गावांची पाहणी केली. गोरवाला समितीचं काम ते, आपले धनंजयराव गाडगीळ त्यात होते. 1954 मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले सुमारे 70 रुपये सावकाराचे, सोसायटीचे 3, आणि बँकांचा जेमतेम 1. त्यानंतर इम्पीरियल बँक सरकारने घेतली आणि 1 जुलै 1955 ला स्टेट बँक सुरू झाली, पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडायच्या या अटीवर. 1956 च्या जानेवारीत आयुर्विमाही सरकारी झाला.

त्याच जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. गोळीबारात माणसं पडली. चिंतामणरावांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडायचं ठरवलं आणि जुलैमध्ये लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. ते भाषण पुष्कळांना माहीत आहे, म्हणून इथं लांबवत नाही. ते गेले तेव्हा दुसरी पंचवार्षिक योजना नुकती सुरू झाली होती. यंत्रांच्या खरेदीत परकी गंगाजळी भराभर उपसली गेली आणि दोनच वर्षांत देश परकीय चलनाच्या चणचणीत सापडला. युद्धातल्या त्या उधारीतून उरलेली पुंजी ती हीच.

पुढं विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद, 1959 चा मॅगसेसे पुरस्कार. 1969 मध्ये राष्ट्रपतीपदाला उभे राहिले, तिसरे आले. पहिली पत्नी रोझिना इंग्रज होत्या. त्यांच्या निधनानंतर 1953 मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. दुर्गाबाई घटना समितीतल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. संस्कृत शेवटपर्यंत सुटलं नाही, कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. दोघांनाही 1975 मध्ये पद्मविभूषण मिळालं. दुर्गाबाई 1981 च्या मे महिन्यात गेल्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं होतं. पुढच्या वर्षी 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी, हैदराबादमध्ये चिंतामणराव वारले.